जुन्या घरांतील न्हाणीघराची थोडक्या खर्चांत सुधारणा

चिकूच्या झाडाच्या बुंध्याशीं पाणी तुंबून राहिलें तर मूळ कुजतें, हें आपल्या भागांतील लहान मुलासहि ठाऊक असतें. पावसाळ्यापूर्वीं आपण वाडींतील चर उघडे करतों, आळीं नीट करतों, आणि एवढें केल्यावर निश्चिंत होतों. परंतु ज्या घरांत आपण राहतों, त्याच्या न्हाणीघराचें पाणी वर्षाचे बाराहि महिने भिंतीच्या पायांत मुरत असतें, तिकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं. झाडाच्या मुळास जें अपायकारक तें घराच्या पायास हितकर कसें होईल ?

जुन्या घरांतील न्हाणीघर सुधारावयाचें म्हणजे त्यास नवें रूप द्यावयाचें, असा पुष्कळांचा समज असतो. आमचाहि तोच होता, आणि त्यापायीं एकाच कामास आम्हांस दोनदां पैसा मोजावा लागला. म्हणून प्रथम आमची चूक सांगतों आणि मग पाठाकडे वळतों.

महसूल खात्यांतील कारकुनींतून आम्ही निवृत्त झालों आहों. मसोलीस आमचें वडिलोपार्जित घर आहे. भिंती विटांच्या व चुन्यांत बांधलेल्या, वर मंगळुरी कौलें, आणि परसदारीं शहाबादी फरशीचें जुनें न्हाणीघर. त्याची फरशी काळवंडली होती व भिंतीचे पोपडे निघत होते. इ. स. २०१७ च्या उन्हाळ्यांत आम्हीं शहरांतील नातलगांकडे पाहिलें तसें करावयाचें ठरविलें. ओल्या गिलाव्यावरच सिमेंट थापून चकचकीत लाद्या बसविल्या, जमिनीसहि तशाच गुळगुळीत लाद्या घातल्या, आणि पाणी जाण्याचें जुनें भोंक जसेंच्या तसें राहूं दिलें. काम आठ दिवसांत झालें. पाहणाऱ्यांनीं वाखाणलें.

पुढल्याच पावसाळ्यानंतर लाद्यांवर टिचकी मारली असतां पोकळ आवाज येऊं लागला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरांत, भूकंपाचे धक्के सुरू झाले, हें वाचकांस स्मरतच असेल. त्या हिवाळ्यांत आमच्या न्हाणीघरांतील एका भिंतीच्या लाद्या एके रात्रीं खालीं आल्या. शेजारी म्हणाले, भूकंपानें पडल्या. परंतु लाद्यांची पाठ आम्हीं पाहिली, तेव्हां तीस चिकटलेला गिलावा बोटानें दाबतांच विरघळत होता. धक्का हें केवळ निमित्त होतें; कारण ओल हेंच होतें.

लाद्या पडल्या त्याचें दुःख थोडें. त्याच महिन्यांत आमच्या मातोश्रींचा पाय त्या गुळगुळीत जमिनीवर घसरला व खुब्याचें हाड मोडलें. दार आंत उघडणारें होतें आणि त्या दाराशींच पडल्या होत्या, त्यामुळें आम्हांस आंत जाण्यासहि वेळ लागला. तीन महिने त्या अंथरुणास खिळून होत्या. ज्या कामास आम्ही सुधारणा म्हणत होतों, त्यांत त्यांच्या पायाचा विचार कोठेंच केला नव्हता. २०१९ च्या उन्हाळ्यांत सर्व उखडून आम्हीं काम नव्यानें केलें. त्यांतून जें शिकलों तें असें कीं, न्हाणीघराची दुरुस्ती म्हणजे पाण्याच्या वाटेची दुरुस्ती होय. पैसा प्रथम न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्चावा, दिसणाऱ्या गोष्टींचा विचार शेवटीं करावा.

पाहणी कशी करावी

कोणतेंहि काम हातीं घेण्यापूर्वीं पंचनामा करावा, ही आमच्या खात्याची शिकवण येथेंहि उपयोगी पडते. पुढील चार परीक्षांस खर्च जवळजवळ नाहींच.

पहिली, बादलीची. न्हाणीघर कोरडें असतां एक बादली पाणी जमिनीवर ओतावें. पाव तासानें जेथें पाणी राहिलें असेल तेथें खडूनें रेघ ओढावी. ती रेघ म्हणजे उताराचा दोष.

दुसरी, नाण्याची. नाण्यानें भिंत व जमीन हातहात अंतरावर ठोकून पाहावी. जेथें आवाज पोकळ येतो, तेथें लादी किंवा गिलावा सुटला आहे असें समजावें.

तिसरी, प्लॅस्टिकच्या कागदाची. एक फूट चौरस पारदर्शक कागद भिंतीवर चारहि कडांनीं चिकटपट्टीनें पक्का लावावा व दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आंतील अंगास थेंब दिसले तर ओल भिंतींतून येत आहे. बाहेरील अंगास दिसले तर खोलींतील वाफेस वाट नाहीं. पहिल्या दोषास गिलावा व उतार, दुसऱ्यास खिडकी हा उपाय होय. या दोहोंची गल्लत झाल्यामुळें पुष्कळांचा पैसा वायां जातो.

चौथी, टांकीची. रात्रीं सर्व तोट्या बंद करून टांकींतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळीं पातळी उतरली असेल तर कोठेंतरी नळ गळत आहे.

या परीक्षांचा निकाल कागदावर लिहून मगच गवंड्यास बोलवावें. काम होळीनंतर आरंभावें व मृगापूर्वीं संपवावें, कारण ओली भिंत सुकण्यास जो अवधि लागतो तो याच दिवसांत मिळतो.

पाण्याची वाट

जमिनीचा उतार पांच फुटांस निदान एक इंच असावा, आणि तो दाराकडून पाणी जाण्याच्या तोंडाकडे सर्व बाजूंनीं यावा. जुन्या घरांत भिंतीस भोंक पाडून पाणी थेट बाहेर सोडलेलें असतें. त्या वाटेनें घाण वास, झुरळें, उंदीर व वाडीच्या घरांत प्रसंगीं सापहि आंत येतो. त्याऐवजीं नहाणी ट्रॅप बसवावा. याच्या वाकलेल्या भागांत दोन इंच पाणी नेहमीं भरून राहतें, आणि तें पाणीच झांकणाचें काम करतें. या वाकड्या नळीच्या युक्तीचें पेटंट लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें इ. स. १७७५ मध्यें घेतलें होतें. इतकी जुनी व इतकी स्वस्त सोय आपल्या पुष्कळ घरांत अद्याप नाहीं, हें नवल आहे. न्हाणीघर कांहीं दिवस वापरांत नसेल तर तें पाणी वाळतें. म्हणून आठवड्यांतून एक तांब्या पाणी त्यांत ओतीत जावें.

भिंती

जुनी भिंत चुन्यांत बांधलेली असेल तर तिच्यावर निव्वळ सिमेंटचा कडक गिलावा देऊं नये. चुन्याची भिंत ओल शोषते तशी ती बाहेरहि टाकते. सिमेंटच्या थरानें ती वाट बंद होते. मग ओल आंत कोंडते, विटांतील क्षार फुटतात आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. यासच आपण लोणा लागणें म्हणतों.

सुटलेला गिलावा विटांपर्यंत खरडून काढावा. क्षार कोरड्या कुंच्यानें झाडावे, पाण्यानें धुवूं नयेत. धुतल्यास ते विरघळून पुन्हा विटेंत शिरतात. नंतर भिंत निदान महिनाभर उघडी राहूं द्यावी. गिलाव्यास एक भाग चुना व तीन भाग वाळू घ्यावी, आणि जेथें पाणी उडतें तेथें वाळूच्या कांहीं भागाऐवजीं विटांची सुरखी घालावी. चुना भिजवून पंधरा दिवस तरी मुरूं द्यावा. तो कालवितांना डोळे जपावे, कारण ताज्या चुन्यानें डोळ्यास कायमची इजा होऊं शकते. चुन्याचें काम जाणणारा गवंडी न मिळाल्यास एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू असा मिश्र गिलावा द्यावा. समुद्राची वाळू मात्र फुकट मिळाली तरी घेऊं नये. तिच्यांतील मीठ हवेंतील ओल ओढून घेतें व लोखंड गंजवितें. घर मागाहून सिमेंटमध्यें बांधलेलें असेल तर सिमेंटच्या गिलाव्यास हरकत नाहीं.

अंगावर पाणी घेतों त्या बाजूस चार फुटांपर्यंत शहाबादी फरशी किंवा साधी लादी लावावी. चारहि भिंती छतापर्यंत लादीनें मढविण्याचें कारण नाहीं. वरील भागास चुन्याचे दोन हात पुरेत. चुन्याच्या तिखटपणामुळें बुरशी लवकर धरत नाहीं, आणि दर उन्हाळ्यांत एक हात देण्यास फारसा खर्च येत नाहीं.

जमीन

जुनी फरशी फेंकून देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. आम्हीं शहाबादी फरशी पहिल्या वेळीं उखडून परसांत रचून ठेविली होती. दुसऱ्या वेळीं तीच उलटी करून घातली. खालचें अंग खडबडीत होतें, तें वर आलें. पाय घसरण्याची भीति गेली आणि फरशीचा सर्व खर्च वांचला. नवीन लादी घेणें असल्यास खडबडीत व लहान आकाराची घ्यावी. लहान लादीस सांधे अधिक, आणि सांध्यांवर पाय अडतो.

फरशीखालीं विटांच्या तुकड्यांचा कोबा करून उतार त्यांतच साधावा. त्यावर पाणी अडविणाऱ्या रसायनाचे दोन हात द्यावे व ते भिंतीवर एक फूट वर न्यावे. अंगावर पाणी घेतों तेथें चार फूट न्यावे. भिंत व जमीन जेथें मिळतात तो कोपरा गोल करावा, कारण पाणी प्रथम तेथेंच शिरतें. थर वाळल्यावर ट्रॅपचें तोंड बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस भरून ठेवावें. उन्हानें व वाऱ्यानें उडतें त्याहून पातळी अधिक उतरली किंवा बाहेरील भिंतीवर ओल दिसली तर तेथेंच थांबावें आणि दोष काढूनच फरशी घालावी. गवंडी घाई करील. आपण करूं नये.

शहाबाद हें गांव कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांत आहे व तेथील दगड चुनखडीचा आहे. म्हणून त्या फरशीवर आम्ल, लिंबू किंवा व्हिनेगर वापरूं नये. दगड खाल्ला जातो. साबणाचें पाणी व ताठ कुंचा यांनीं ती स्वच्छ राहते. संगमरवरी खड्यांच्या जुन्या मोझेक लादीसहि हाच नियम आहे.

टांकी व नळ

हजार लिटरची टांकी भरली म्हणजे केवळ पाण्याचें वजन एक हजार किलो होतें. एवढें ओझें जुन्या भिंतीवर किंवा छपराच्या वाशांवर ठेवणें हें आपल्या तालुक्यांत तर फारच धोक्याचें आहे. धक्का बसतो तेव्हां उंचावरील वजन सर्वांत अधिक हेलकावतें व त्याचा ताण खालच्या भिंतीवर येतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या भिंती व त्यांवरील मातीचीं जड धाबीं कोसळूनच बहुसंख्य बळी गेले. आपल्याकडील धक्के बहुतांशीं सौम्य होते, तरी तो धडा विसरूं नये. टांकी घरापासून वेगळ्या, जमिनींतून उभारलेल्या मजबूत मांडणीवर ठेवावी. बादली भरण्यासाठीं तोटीहून पांचसहा फूट उंची पुरते; त्याहून वर नेण्याचें प्रयोजन नाहीं.

नळ बसविण्यासाठीं जुन्या भिंतींत खांचा पाडूं नयेत. खांचेमुळें भिंत दुबळी होते, आणि आंत गळती झाली तर ती महिनोन्‌महिने कळत नाहीं. नळ भिंतीच्या बाहेरून न्यावा. दिसण्यांत थोडें उणें, पण दुरुस्तीस सोपें. खाऱ्या हवेंत लोखंडी नळ गंजतो, म्हणून प्लॅस्टिकचा घ्यावा. ऊन पाण्यास साधा पी.व्ही.सी. चालत नाहीं, सी.पी.व्ही.सी. लागतो. जुन्या पितळी तोट्या टाकूं नयेत. बहुधा आंतील वायसर बदलला कीं त्या पूर्ववत्‌ काम देतात. खिळे व स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे वापरावे.

हवा, वीज व ऊन पाणी

न्हाणीघरास चार चौरस फुटांची तरी खिडकी किंवा जाळी उंचावर असावी, आणि दाराखालून हवा येण्यास फट असावी. खालून कोरडी हवा आंत येते व वाफ वरून बाहेर जाते. ही वाट नसेल तर महागांतला रंगहि दोन वर्षें टिकत नाहीं.

विजेचें बटण न्हाणीघराबाहेर असावें. घरास तीस मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा, विजेची गळती होतांच तो क्षणार्धांत प्रवाह तोडतो. अर्थिंग तपासून घ्यावें. बादलींत कांडी घालून पाणी तापवीत असल्यास बटण बंद करून कांडी काढल्याशिवाय पाण्यास हात लावूं नये.

गॅसवर चालणारा गीझर बंद न्हाणीघरांत कदापि लावूं नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं. स्नान करणारा माणूस गुंगींत जातो आणि त्यास हांक मारण्यासहि अवकाश मिळत नाहीं. असे मृत्यु आपल्या राज्यांत घडले आहेत. असा गीझर लावणेंच असेल तर भिंतीच्या बाहेर, उघड्या हवेंत लावावा. आमचा तांब्याचा जुना बंब आम्हीं कल्हई करून परसांत ठेविला आहे. वाडींतील वाळक्या फांद्यांवर घराचें पाणी तापतें.

वृद्धांची सोय

या कलमास पैसा सर्वांत थोडा लागतो आणि हेंच सर्वांकडून राहून जातें. दार बाहेर उघडणारें करावें, व कडी बाहेरूनहि काढतां येईल अशी असावी. स्नानाच्या जागेजवळ जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर धरावयाचा दांडा बसवावा. चुन्याच्या भिंतींत साधा स्क्रू माणसाचा भार धरीत नाहीं. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागें पट्टी द्यावी. बसून स्नान करण्यास रुंद व न हलणारा पाट असावा. उंबरठा अगदीं कमी ठेवावा, आणि रात्रीं जाण्यायेण्याच्या वाटेवर एक लहान दिवा जळत असावा.

सांडपाणी वाडीस

स्नानाचें पाणी केळी, अळू व कर्दळ यांस देतां येतें. जुन्या लोकांनीं न्हाणीघराच्या मागें केळी लावल्या त्या याच हेतूनें. एकाच जागीं पाणी सतत सोडूं नये. साबणांतील क्षारानें माती चिकट होते व पाणी मुरेनासें होतें. दोन चर पाडून आलटून पालटून सोडावें. कच्च्या खावयाच्या भाज्यांस हें पाणी देऊं नये, आणि चिकूच्या बुंध्याशीं तें सांचूं देऊं नये. वाडी नसेल तर चार फूट लांब, रुंद व खोल शोषखड्डा करून खालीं मोठे व वर लहान दगड भरावे. पाणी उघड्यावर दिसतां कामा नये, नाहीं तर डांस होतात. खड्डा किंवा चर विहिरीपासून पन्नास फुटांच्या आंत असूं नये. अधिक दूर नेतां आल्यास उत्तम.

खर्चाचा हिशेब

मजुरीचे व मालाचे भाव गांवोगांवीं निराळे असतात, म्हणून दुसऱ्या वेळीं झालेल्या खर्चाचें प्रमाण जुन्या रीतीनें रुपयाचे सोळा आणे धरून देतों. उतार, कोबा, ट्रॅप व बाहेरील चर यांस सहा आणे. भिंती खरडणें, गिलावा व पाणी अडविणारा थर यांस पांच आणे. नळ व टांकीची मांडणी यांस दोन आणे. वीज व धरावयाचा दांडा यांस दोन आणे. रंग, आरसा, खुंट्या व दाराची डागडुजी यांस एक आणा. पहिल्या वेळीं याच्या उलट झालें होतें. चवदा आणे लाद्यांत गेले होते आणि ट्रॅपास एक पैहि मिळाली नव्हती.

सर्व एकदम करण्याइतका पैसा हातीं नसेल तर पहिल्या वर्षीं पाण्याची वाट, दार व दांडा एवढेंच करावें. दुसऱ्या वर्षीं भिंती. रंग तिसऱ्या वर्षीं दिला तरी कांहीं बिघडत नाहीं. परंतु हा क्रम उलटा करूं नये.

आमच्या मातोश्री पुढें काठी घेऊन हिंडूंफिरूं लागल्या. २०२१ सालीं त्या वारल्या. तोंवर त्या उलट्या फरशीवर, दांडा धरून, स्वतःचें स्नान स्वतःच करीत असत. न्हाणीघर पाहावयास आतां कोणी येत नाहीं व त्याचें कोणी कौतुकहि करीत नाहीं. पावसाळ्यांत भिंतीस हात लावून पाहतों, तर ती कोरडी असते. वाचकांनीं या होळीनंतर आपल्या घरीं बादलीची तेवढी परीक्षा करून पाहावी, इतकीच आमची विनंति आहे.